निर्माल्य संकलनाची स्वयंसेवक नोंदणी: गूगल फॉर्म एअरटेबलला जोडा आणि कॉपी-पेस्टमधून सुटा

विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य गोळा करायला माणसं लागतात आणि ती जमवायची पद्धत बऱ्याच ग्रुपांत अजून तीच आहे, म्हणजे वॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरते, प्रत्येकजण ती कॉपी करून खाली आपलं नाव चिकटवतो, दोघांनी एकाच वेळी चिकटवलं की एकाचं उडतं आणि ज्याचं उडालं तो घाटावर येऊन विचारतो की माझं नाव का नाही. मग कोणीतरी हुशारी करून गूगल फॉर्म बनवतो. त्याने नावं उडायची थांबतात, पण फॉर्मची शीट एकीकडे, घाटप्रमुखांची यादी दुसरीकडे, टी-शर्टची तिसरीकडे, आणि रोज रात्री कोणीतरी बसून इकडचं तिकडे करतंय. हे रात्रीचं काम बंद कसं करायचं ते सांगतो. उदाहरण पुण्याचं घेतलंय, पण रक्तदान शिबिर असो नाहीतर गडावरची श्रमदान मोहीम, जोडणी तीच.

आधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे खरी यादी एकच असणार आणि ती सॉफ्टवेअरमध्ये असणार. फॉर्म म्हणजे फक्त आत यायचं दार, आणि फॉर्मच्या मागची शीट म्हणजे कच्चा माल. त्या शीटमध्ये कोणी रंग भरायचे नाहीत, सॉर्ट करायचं नाही, 'हा येणार नाही' असं शेजारच्या कॉलममध्ये लिहायचं नाही. ज्याला काही बदलायचंय त्याने सॉफ्टवेअरमध्ये बदलायचं. हे ठरलं नाही तर कितीही ऑटोमेशन लावा, आठवड्याभरात दोन याद्या होतात आणि दोन्ही अर्धवट.

सॉफ्टवेअर कुठलं? काहीशे माणसांचं काम असेल तर माझ्या मते एअरटेबल पुरतं (ऑनलाइन शीटसारखंच, पण यातली टेबलं एकमेकांना जोडता येतात), फुकट प्लॅनमध्ये एका बेसला, म्हणजे टेबलांच्या एका संचाला, १००० रेकॉर्ड म्हणजे ओळी मिळतात. संस्था नोंदणीकृत आहे, देणग्या येतात, पावत्या द्यायच्या असतात, वर्षभर सभासद सांभाळायचे असतात, तर सिव्हीसीआरएम हे संस्थांसाठीचं सॉफ्टवेअर बघा, ते ओपन सोर्स आहे, लायसनचे पैसे नाहीत, पण होस्टिंग लागतं आणि ते चालवणारा एक माणूस लागतो, तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. खाली मी एअरटेबल धरून चालतोय.

एअरटेबलमध्ये तीन टेबलं बनवा, तीनच. पहिलं 'लोक': नाव, मोबाईल, ईमेल, राहायचा भाग. दुसरं 'शिफ्ट': कुठला घाट, कुठला दिवस, किती ते किती, किती माणसं हवीत. तिसरं 'नोंदणी': कोण, कुठल्या शिफ्टला, स्टेटस काय. बहुतेक लोक सगळं एकाच टेबलात कोंबतात आणि मग दीड दिवसाच्या विसर्जनाला आलेला माणूस अनंत चतुर्दशीलाही येतो म्हटल्यावर त्याची दुसरी ओळ होते, ईमेल एका ओळीत बदलतो आणि दुसऱ्या ओळीत जुनाच राहतो. तीन टेबलं असली की माणूस एकदाच आणि त्याच्या नोंदण्या हव्या तितक्या. शिफ्टच्या टेबलात एक फील्ड ठेवा जे त्या शिफ्टच्या कन्फर्म नोंदण्या मोजतं (मोजणीला स्टेटसची अट लावता येते), आणि त्याच्या शेजारी फॉर्म्युला, हवीत वजा झालेत बरोबर उरलेत. पुढे सगळं या 'उरलेत'वर चालणार आहे.

शिफ्टचा हिशोब आधी कागदावर करा. दीड, पाच, सात आणि दहा असे विसर्जनाचे चार दिवस, समजा पाच घाट, ओंकारेश्वर, अष्टभुजा, नेने घाट, वृद्धेश्वर-सिद्धेश्वर आणि गरवारे कॉलेजच्या मागचा, आणि प्रत्येक ठिकाणी संध्याकाळच्या दोन शिफ्ट, म्हणजे ४० शिफ्ट झाल्या. त्यात अनंत चतुर्दशीला सकाळपासून माणसं लागतात, त्या वेगळ्या. या ४०-४५ ओळी आधी एअरटेबलमध्ये टाका, फॉर्म नंतर. उलटं केलं की फॉर्ममधली नावं वेगळी आणि टेबलातली वेगळी होतात.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा थांबून सांगतो. शिफ्टचं नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं पाहिजे. ओंकारेश्वर, ओमकारेश्वर, ॐकारेश्वर ही माणसासाठी एकच जागा, कॉम्प्युटरसाठी तीन. '७ ते १०' आणि '७-१०' वेगळं. मोबाईलवर टाईप केलेली लांब रेघ आणि कीबोर्डवरची छोटी रेघ वेगळी, आणि ही तर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून फॉर्ममधले पर्याय टाईप करू नका, एअरटेबलमधला कॉलम सिलेक्ट करा, कॉपी करा, फॉर्मच्या पहिल्या पर्यायावर पेस्ट करा, गूगल फॉर्म प्रत्येक ओळीचा वेगळा पर्याय आपोआप करतो. आणि नावात स्वल्पविराम टाकू नका. 'ओंकारेश्वर घाट, शनिवार पेठ' असं लिहिलं आणि प्रश्न चेकबॉक्सचा असेल तर शीटमध्ये सगळी उत्तरं स्वल्पविरामाने जोडून एकाच सेलमध्ये येतात, मग तोडायला गेलात की 'शनिवार पेठ' नावाची नवीनच शिफ्ट निघते.

म्हणून मी तर म्हणतो चेकबॉक्स नकोच. एका फॉर्ममध्ये एकच शिफ्ट, आणखी हवी असेल तर परत भरा, सबमिट झाल्यावर 'आणखी एक उत्तर द्या'ची लिंक येते ती चालू ठेवा. लोक थोडे कुरकुरतात, पण मागची जोडणी निम्म्याने सोपी होते. आधी 'कुठला दिवस' विचारा आणि उत्तरानुसार त्या त्या दिवसाच्या सेक्शनला पाठवा, म्हणजे कोणाला ४० पर्यायांची यादी बघावी लागत नाही. त्याचा एक परिणाम लक्षात ठेवा, प्रत्येक दिवसाचा शिफ्टचा प्रश्न वेगळा म्हणून शीटमध्ये शिफ्टचे चार कॉलम होतात आणि प्रत्येक ओळीत त्यातला एकच भरलेला असतो, तर जोडताना ते चारही एकापुढे एक ठेवून द्या, रिकामे आपोआप गळतात आणि जो भरलाय तो उरतो.

आता फॉर्मचे बाकीचे प्रश्न. कमी ठेवा. पहिलं नाव आणि आडनाव वेगवेगळे प्रश्न, मोबाईल, ईमेल, वय १८ पूर्ण आहे का, आणि पुण्यापुरता एक खास प्रश्न: नदीच्या कुठल्या बाजूला राहता, पेठांकडे की डेक्कन-शिवाजीनगरकडे? अनंत चतुर्दशीला मध्यभागातले रस्ते बंद असतात, पुलांवर गर्दी असते, मुख्य मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे कोथरूडच्या माणसाला नेने घाट दिला तर तो निघतो वेळेवर आणि पोचतो शिफ्ट संपताना. आधार नंबर, जन्मतारीख, पूर्ण पत्ता यातलं काही विचारू नका, निर्माल्य उचलायला लागत नाही.

मोबाईलला तपासणी लावा. 'शॉर्ट आन्सर'च्या तीन टिंबांवर 'रिस्पॉन्स व्हॅलिडेशन', त्यात 'नंबर' आणि 'बिटवीन' निवडून ६०००००००००पासून ९९९९९९९९९९पर्यंत, बास. आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, त्यामुळे एक आकडा वाढलेले, ९१ जोडलेले, एक आकडा खाल्लेले सगळे इथेच अडतात. एररच्या जागी मराठीत लिहा, 'फक्त १० आकडी नंबर, इंग्रजी आकड्यांत, ९१ किंवा शून्य न लावता'. नाहीतर लोकांना लाल अक्षरं दिसतात आणि फॉर्म बिघडलाय म्हणून ग्रुपवर बोंब होते.

सेटिंगमध्ये 'एका माणसाला एकच उत्तर' बंद ठेवा, ते चालू केलं की गूगलचं लॉगिन मागतं, आणि आपल्याकडे एका फोनवरून आई, बाबा, मुलगा तिघांची नावं भरली जातात. फोटो अपलोडचा प्रश्न टाकला तरी लॉगिन मागतं, म्हणून फोटो नको. फॉर्म 'पब्लिश' केलाय का आणि लिंक असलेल्या कोणालाही भरता येतो का हे इन्कॉग्निटो विंडोत उघडून बघा, संस्थेच्या गूगल वर्कस्पेस अकाउंटवरून बनवलेला फॉर्म बाहेरच्यांना बंद असू शकतो आणि बनवणाऱ्याला ते कळतच नाही कारण त्याला तर उघडतो.

शेवटी संमतीचा चौकोन. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, कशासाठी माहिती घेतोय ते साध्या भाषेत सांगून संमती घ्यायची असते आणि १८ खालच्या मुलांसाठी पालकांची. वकिली भाषा नको, असं चालतं: 'माझं नाव, मोबाईल आणि ईमेल या वर्षीच्या निर्माल्य संकलनाच्या निरोपांसाठी वापरायला माझी हरकत नाही. घाटप्रमुखाला माझा नंबर दिसेल. नको झाल्यास कळवून काढून टाकता येईल.' कॉलेजची मुलं मोठ्या संख्येने येतात, त्यातली अकरावी-बारावीची १८ ची नसतात, त्यांना वेगळ्या सेक्शनला पाठवून फॉर्म पालकांकडून भरून घ्या.

आता फॉर्मची शीट आणि एअरटेबल यांच्यातला पूल बांधायचा. एअरटेबलचं स्वतःचं ऑटोमेशन आहे, शिवाय झॅपिअर आणि मेक या दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडून देणाऱ्या सेवा आहेत. एअरटेबलच्या फुकट प्लॅनला महिन्याला १०० रन, झॅपिअरच्या फुकट प्लॅनला महिन्याला १०० टास्क आणि तेही दोनच पायऱ्यांचे, आपल्याला चार-पाच पायऱ्या लागतात. मेकला महिन्याला १००० क्रेडिट मिळतात (साधारण एक पायरी चालली की एक खर्च) म्हणून मी मेक घेतो. हे आकडे कंपन्या बदलत असतात, सुरू करण्याआधी एकदा त्यांच्या साइटवर बघा. आणि मेकमधली एक खाच: नवीन उत्तर आलंय का हे तपासायला गेला की काही नसलं तरी एक मोजला जातो. दर १५ मिनिटांनी तपासायला लावलंत तर दिवसाचे ९६, म्हणजे अकराव्या दिवशी कोटा संपला, एकही स्वयंसेवक न येता. दर चार तासांनी लावा, दिवसाचे सहा होतात. स्वयंसेवकाला कन्फर्मेशन चार तासांनी आलं म्हणून काही बिघडत नाही, फॉर्मच्या शेवटच्या मेसेजमध्ये लिहून टाका की संध्याकाळपर्यंत मेल येईल. गणपती उठले की सिनारिओ (मेकमध्ये जोडणीला हेच म्हणतात) बंद.

जोडणी अशी. पहिली पायरी, गूगल शीटमध्ये नवीन ओळ आली. दुसरी, एअरटेबलमधल्या 'लोक' टेबलात अपसर्ट, म्हणजे असेल तर अपडेट कर, नसेल तर नवीन बनव. तिसरी, 'शिफ्ट' टेबलात त्या नावाची शिफ्ट शोध. चौथी, 'नोंदणी' टेबलात नवीन ओळ, माणूस आणि शिफ्ट जोडून. पाचवी, जीमेलवरून कन्फर्मेशन. पाच पायऱ्या म्हणजे एका नोंदणीला साधारण पाच, तपासणीचे महिन्याला १८० गेले तर १००० मध्ये दीडशेच्या वर नोंदण्या बसतात. त्याहून जास्त असतील तर एक महिन्यापुरता पैशाचा प्लॅन घ्या, वर्षभराचा घेऊ नका.

अपसर्टला विचारतात की जुना माणूस ओळखायचा कशावरून. हात आपोआप ईमेलकडे जातो. घेऊ नका. सिव्हीसीआरएमचा डुप्लिकेट ओळखायचा मूळ नियमसुद्धा ईमेलवरच आहे आणि तिकडेही तो बदलावा लागतो, कारण आपल्याकडे एक ईमेल आणि कधी एक मोबाईलसुद्धा अख्ख्या घराचा असतो. आईने सकाळी नाव दिलं, संध्याकाळी मुलाने तिचाच नंबर टाकून दिलं, सॉफ्टवेअर म्हणतं अरे हा तर जुनाच माणूस, आणि आईच्या नावावर मुलाचं नाव लिहून मोकळं होतं. तुमच्या यादीत एक माणूस कमी झाला आणि एररही नाही. म्हणून मोबाईल आणि पहिलं नाव दोन्ही जुळलं तरच जुना समजायचा. मग उलटा त्रास होतो, एकदा नाव मराठीत लिहिलं आणि एकदा इंग्रजीत तर दोन माणसं होतात, पण ते दिसतं तरी, मोबाईलवर ग्रुप केलेला एक व्ह्यू (म्हणजे त्याच टेबलाची वेगळी मांडणी) ठेवा आणि आठवड्यातून एकदा नजर टाका. दोनाचा एक हाताने करता येतो, पुसलेला माणूस सहज परत आणता येत नाही. मोबाईलचा कॉलम एअरटेबलमध्ये साध्या टेक्स्टचा ठेवा म्हणजे जुळवताना नखरे करत नाही.

तिसऱ्या पायरीत शिफ्ट शोधून तिचा रेकॉर्ड आयडी (एअरटेबल प्रत्येक ओळीला देतं तो कोड) पुढे द्या, नुसतं नाव देऊन 'टाईपकास्ट' (नावावरून ओळ जुळवायची सोय) चालू ठेवू नका, कारण नाव जुळलं नाही तर एअरटेबल गप्पपणे नवीन शिफ्ट बनवतं, जिला ना घाट ना वेळ. शोधून सापडलीच नाही तर तुम्हाला मेल येईल अशी एक वाट काढून ठेवा.

चौथ्या पायरीत स्टेटस ठरतं. 'उरलेत' शून्याच्या वर असेल तर कन्फर्म, नाहीतर वेटिंग, रेल्वेच्या तिकिटासारखं, कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दोघांनी शेवटच्या जागेसाठी एकदमच भरलं तर दोघंही कन्फर्म होऊ शकतात, त्यावर डोकं लावू नका, घाटावर एक माणूस जास्त झाला म्हणून आजवर कोणी रडलेलं नाही. उलट मागणीच थोडी वाढवून लिहा, पाऊस पडला की गळती ठरलेली.

(तुमच्याकडे आधीचा गूगल फॉर्म नसेल, अगदी नव्याने सुरू करत असाल, तर एअरटेबलचाच फॉर्म वापरा आणि हा पूल वगळा. त्यात शिफ्टचा प्रश्न फक्त ठरावीक व्ह्यूमधल्या शिफ्टच दाखवेल असं करता येतं, त्या व्ह्यूला 'उरलेत शून्यापेक्षा जास्त' हा फिल्टर लावला की भरलेली शिफ्ट फॉर्ममधून स्वतःहून गायब होते. पण दिवसानुसार सेक्शन, लोकांची सवय, आणि गेल्या वर्षीची पोस्टरवर छापलेली लिंक, यामुळे बरेच ग्रुप गूगल फॉर्म सोडत नाहीत.)

कन्फर्मेशनचा मेल छोटा आणि कामाचा. शिफ्ट, जमायची जागा, घाटप्रमुखाचा नंबर, काय आणायचं (जुने कपडे, पाण्याची बाटली, घट्ट पट्ट्याची चप्पल), आणि 'येता येत नसेल तर इथे सांगा' ही लिंक. वॉट्सअ‍ॅप ग्रुपची लिंकही याच मेलमध्ये आणि फक्त कन्फर्म लोकांना, फॉर्मच्या शेवटच्या पानावर ठेवलीत तर ती गावभर फिरते आणि ग्रुपात कर्ज देणारे शिरतात. जीमेलच्या साध्या अकाउंटवरून दिवसाला ५०० च्या आसपास मर्यादा आहे, नोंदणीला पुरते, पण सगळ्यांना आठवण पाठवायच्या दिवशी हिशोब ठेवा.

पण मेल वाचतो कोण, असं म्हणाल, तर बरोबर आहे. आपोआप वॉट्सअ‍ॅप पाठवायचं तर बिझनेस एपीआय (सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवायची सोय), मंजूर केलेले टेम्प्लेट आणि मेसेजमागे पैसे. एसएमएसला तर डीएलटीची नोंदणी (पाठवणाऱ्याची आणि मजकुराची टेलिकॉम कंपन्यांकडची नोंद) लागते. छोट्या ग्रुपने या भानगडीत पडू नये. त्याऐवजी 'लोक' टेबलात एक फॉर्म्युला कॉलम करा जो वॉट्सअ‍ॅपची क्लिक-टू-चॅट लिंक बनवतो, डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि मोबाईल, आणि पुढे आधीच लिहिलेला निरोप. घाटप्रमुख आपल्या व्ह्यूमध्ये जातो, लिंकवर बोट ठेवतो, निरोप तयार असतो, पाठव दाबतो. वीस माणसांना पाच-सात मिनिटं, आणि ओळखीच्या नंबरवरून आलेला निरोप लोक वाचतात.

रद्द करायचा फॉर्म वेगळा, तीन प्रश्नांचा: मोबाईल, पहिलं नाव, कुठली शिफ्ट. तो त्याच पद्धतीने जोडा, नोंदणीची ओळ शोधून स्टेटस 'रद्द' करायचं, ओळ पुसायची नाही. 'उरलेत' आपोआप वाढतं. वेटिंगवाल्याला वर घ्यायचं काम मात्र माणसाकडे ठेवा, कारण आदल्या दिवशी रात्री साडेअकराला आपोआप गेलेला 'तुम्ही कन्फर्म झालात' बघतो कोण, फोनच करावा लागतो.

चालू करायच्या आधी स्वतःच फॉर्म वेडावाकडा भरून बघा: एकाच नंबरवर दोन नावं, तेच नाव एकदा मराठीत एकदा इंग्रजीत, एक माणूस दोन शिफ्टला, भरलेल्या शिफ्टला आणखी एक, ईमेलमध्ये चूक. प्रत्येक वेळी तिन्ही टेबलं उघडून बघा. आणि एकदा चालू झाल्यावर फॉर्ममधला प्रश्न पुसून नवा बनवू नका, शीटमध्ये जुना कॉलम तसाच राहतो, नवा शेवटी येतो, आणि मेक जुन्याच रिकाम्या कॉलमकडे बघत बसतो.

अनंत चतुर्दशीला घाटांवर नेटवर्कचा भरवसा नाही. हजेरी फोनवर घेता येते, पण दुपारीच प्रत्येक घाटाची यादी छापून द्या, नाव, नंबर, शिफ्ट आणि टिक करायला रिकामा चौकोन. दुसऱ्या दिवशी ते कागद बघून 'नोंदणी'त 'आला' किंवा 'आला नाही' भरा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पुढच्या वर्षी कोणाला आधी फोन करायचा ते याच कॉलमवरून ठरतं.

हे सगळं, म्हणजे फॉर्म, शीट, मेक, एअरटेबल, जीमेल, ग्रुपच्या नावाच्या एकाच अकाउंटवर उघडा, कोणाच्या खाजगी अकाउंटवर नको. जोडणी ज्याच्या अकाउंटने केली त्याने पासवर्ड बदलला किंवा परवानगी काढली की ती तुटते, आणि कार्यकर्ता नोकरीसाठी बंगलोरला गेला की फॉर्मही त्याच्याबरोबर जातो. पासवर्ड दोघांकडे, आणि टू-स्टेपचा फोन, म्हणजे लॉगिनचा कोड येतो तो, अशा माणसाचा जो विसर्जनाच्या दिवशी ढोल वाजवत नसेल.

मोहीम संपली की फॉर्म बंद करा आणि पुढच्या वर्षी बोलावलं तर चालेल का हे विचारणारा एक मेल पाठवा. जे हो म्हणतील ते ठेवा, बाकीच्यांचे मोबाईल-ईमेल काढून टाका. पुढच्या वर्षी जुन्या लोकांना आधीच भरलेल्या फॉर्मची लिंक पाठवता येते, गूगल फॉर्ममध्ये 'प्री-फिल्ड लिंक' आहे, पण त्यात नाव-नंबर भरू नका, लोक ती लिंक तशीच सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. त्याऐवजी 'लोक' टेबलात प्रत्येकाला स्वयंसेवक क्रमांक देणारा एक कॉलम आणि फॉर्ममध्ये त्याचा एक प्रश्न ठेवलात तर लिंकमध्ये फक्त तो क्रमांक भरा, त्यावरून माणूस ओळखता येतो.